चौथा खिळा

"पुढची भिंत पाडावी लागेल," असं इंजिनियर म्हणाला, तेव्हा आत्या जमिनीवर पसरलेल्या नकाशावर ओणवी होऊन दुसऱ्या मजल्यावर कमोड कुठे बसवायचा ते आखत होती. तिने मान वर केली नाही. हातातली रेघ पुरी केली, पेन्सिल अंबाड्यात खोचली आणि मग विचारलं, "कोणाची?"

"या घराची."

"असं होय. मला वाटलं, तुमच्या घराची. म्हटलं, पाडू देत, आपल्याला काय."

पुतण्याने कपाळाला हात लावला. आत्या अशी गोड बोलायला लागली की पुढे काय वाढून ठेवलेलं असतं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची थोरली बहीण. सहासष्ट वर्षांची. तिची सगळी नोकरी नकाशे गिरवण्यात गेली. इंजिनियर लोकांनी कच्चे काढलेले पूल आणि पाण्याच्या टाक्या पातळ कागदावर शाईने पक्क्या करायच्या, हे तिचं काम. लग्न केलं नाही. कोणी का म्हणून विचारलंच, तर "सरळ रेघ काढणारा भेटला नाही," एवढं सांगून मोकळी व्हायची.

घर होतं गल्लीतल्या रांगेतलं, दोन्ही बाजूंच्या घरांना खांदे लावून उभं असलेलं. तेरा फूट रुंद, तीस फूट खोल, तीन मजले. प्रत्येक मजल्यावर एक खोली पुढे, एक मागे आणि मधे जिना. डाव्या भिंतीपलीकडे शिंपी, उजव्या भिंतीपलीकडे दातांचा डॉक्टर. दीडशे वर्षांपूर्वी कोणा धान्यवाल्याने बांधलेलं, आत्याच्या आजोबांनी विकत घेतलेलं. खालच्या पुढच्या खोलीत तिच्या बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. तीस-चाळीस घड्याळं भिंतीवर एकाच वेळी टिकटिकायची, पण कोणत्याही दोन घड्याळांचं कधी एकमत नसायचं. बारा वाजायला सुरुवात झाली की पाच-सात मिनिटं वाजतच राहायचे. शाळेतून घरी आलेल्या आत्याला त्या गलक्यातच भूक लागायची. अजूनही कुठे घड्याळाचे ठोके ऐकले की तिच्या पोटात तेच व्हायचं.

बाबा गेले, मग धाकटा भाऊ गेला, आणि घर अर्धं आत्याच्या, अर्धं पुतण्याच्या नावावर आलं. पुतण्या, सूनबाई आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची. सगळ्यांनी मिळून इथे राहायचं, असं ठरलं. पण माणसांनी राहावं असं आधी ते करायला हवं होतं.

आता कोणाला वाटेल, म्हातारी जुन्याला कवटाळून बसली असेल. तसं अजिबात नव्हतं. उलट सूनबाईच म्हणत होती, की मागचं काळं स्वयंपाकघर तसंच ठेवू, किती छान वाटतं. त्यावर आत्या म्हणाली, "छान तुला वाटतं. त्या अंधारात निवडून-चिरून माझ्या आईचे डोळे गेले. फोडा ती मधली भिंत. मला कांदा चिरताना रस्ता दिसला पाहिजे." न्हाणीघर प्रत्येक मजल्यावर हवं होतं तेही तिलाच. रात्री तीन मजले उतरून मागच्या अंगणात जाण्याचा रोमान्स तिने पन्नास वर्षं भोगला होता.

तर, फोडायला तिची ना नव्हती. पण पुढची भिंत ही गोष्ट वेगळी होती.

"वरच्या बाजूला ती रस्त्याकडे चार बोटं कललीय," इंजिनियर सांगत होता. चाळिशीचा, शांत, चष्मा सारखा पुसणारा माणूस. "मी यंत्राने मोजलंय."

"यंत्राशिवाय मी सांगितलं असतं. पुढे?"

"कललेली भिंत आणि कलत चाललेली भिंत, यांत फरक असतो आत्या. कलून थांबली असेल, तर पोलादी सळया घालून ती बाजूच्या भिंतींना बांधता येते. पण अजून चालत असेल, तर आज ना उद्या गल्लीत उतरेल."

"मग थांबलीय, की चाललीय?"

"ते कळायला तड्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवून वर्षभर बघावं लागतं. पट्टी तडकली, तर चालतेय. तुम्हाला तर दोन महिन्यांत राहायला यायचंय. म्हणजे मला धोका धरूनच लिहावं लागणार. सोमवारी अहवाल देतो. दोघांची संमती लागेल."

गल्लीचा नियम सगळ्यांना माहीत होता. जुनं घर आहे तसं उभं ठेवून आतून काय वाटेल ते करा, कोणी हटकत नसे. पण रस्त्याकडची भिंत एकदा उतरवली, की नवी भिंत बारा फूट आत घ्यायची, रस्ता रुंद व्हावा म्हणून. तिसातले बारा गेले, की मजल्यागणिक उरते एक खोली आणि जिना. त्यात नवरा-बायको आणि मुलगी कशीबशी मावली असती. आत्या मावली नसती. हे कोणी तोंडाने बोललं नाही, पण जन्मभर नकाशे वाचलेल्या बाईला ते बोलून दाखवायची गरजच नव्हती.

"तुला इथेच जवळपास एखादी चांगली खोली बघू," पुतण्या हळूच म्हणाला.

"खोली बघायला मी काय कॉलेजात चाललेय?"

"आत्या, तू नाही मुद्दामच..."

"सही करणार नाही," आत्या म्हणाली. तिने बाबांची दुकानातली लाकडी खुर्ची ओढत आणली, बरोब्बर त्या भिंतीला पाठ लावून ठेवली आणि वर बसली. "पडलीच, तर आधी माझ्या अंगावर पडेल. अहवालात तेही लिहा. वय सहासष्ट, तब्येत ठणठणीत, भिंतीवर विश्वास."

मिस्त्री दारात उभा राहून हसला. या घराची कौलं शाकारण्यात त्याची निम्मी हयात गेली होती, त्यामुळे त्याला हसण्याची मुभा होती. सूनबाई मात्र हसली नाही.

"आत्या," ती म्हणाली, "तुमच्या हट्टाचं मला कौतुक आहे. पण या भिंतीशेजारी माझी मुलगी झोपणार आहे."

हे आत्याला लागलं, कारण ते खरं होतं. ती खुर्चीवरून उठली.

"बरोबर आहे तुझं. हलत असेल, तर पहिली पहार मी मारीन. सहीसुद्धा करीन. पण हलतेय हे कोणीतरी आधी दाखवायला पाहिजे. नुसतं 'वेळ नाही म्हणून धोका धरतो' हे मी ऐकून घेणार नाही. आणि वर्षभर बघायचं म्हणता ना? आमच्या बाबांनी बत्तीस वर्षं बघितलंय."

"म्हणजे?" इंजिनियरने चष्मा पुसायचा थांबवला.

मग तिने सांगितलं. ती एकवीस वर्षांची असताना सांडपाण्याचा मोठा नळ टाकायला गल्ली पुरुषभर खोल खणली होती. तेव्हाच भिंत कलली. शेजारपाजारचे म्हणाले, घर सोडा. बाबांनी घर सोडलं नाही, त्यांनी मोजायला घेतलं. एका मोठ्या लंबकाच्या घड्याळाचं पितळी वजन मेण लावलेल्या दोरीला बांधून तिसऱ्या मजल्यावरून सोडायचं. भिंतीलगत प्रत्येक मजल्याच्या लाकडी तक्तपोशीला वाटीएवढं भोक होतं, त्यातून ते थेट दुकानाच्या जमिनीवरच्या फळ्यांपर्यंत उतरायचं. डुलायचं थांबलं, की टोक जिथे येईल तिथे बाबा खिळा मारायचे. दरवर्षी एकदा, घड्याळांना तेल द्यायच्या दिवशी. धाकटा भाऊ वर, बाबा आणि ती खाली.

"पहिल्या वर्षी एक खिळा. दुसऱ्या वर्षी दोन बोटं रस्त्याकडे दुसरा. तिसऱ्या वर्षी एक बोट पुढे तिसरा. चौथा तर तिसऱ्याला चिकटूनच. त्यानंतर खिळा मारलाच नाही."

"का? मोजायचं सोडलं?"

"मोजायचं सोडतील कसे? वजन दरवर्षी चौथ्यावरच यायचं. हललीच नाही, तर खिळा कशाला मारायचा?"

इंजिनियर विचारात पडला. "आत्या, खिळे आहेत हे मान्य. पण चौथा खिळा कधीचा, हे कशावरून? मागच्या वर्षीही कोणी मारला असेल."

"संशयी आहात. आवडलं मला. उद्या सकाळी या. मिस्त्री, तुम्हीही या, दुकानाच्या जमिनीवर अंथरलेलं लिनोलियम काढायचंय."

शनिवारी सकाळी नऊ वाजता मिस्त्रीने दुकानाच्या कोपऱ्यातलं लिनोलियम सोललं. खाली वर्तमानपत्रं पसरलेली होती, पिवळी पडून फळ्यांना चिकटलेली. आत्याने गुडघ्यावर बसून, ओल्या फडक्याने भिजवत भिजवत, एक पान अख्खं उचललं. पानाच्या खालच्या अंगाला एका ओळीत चार तांबूस डाग होते, गंजाचे. आणि फळीवर, त्यांच्या बरोब्बर खाली, चार खिळ्यांची डोकी. पानावरची तारीख एक्केचाळीस वर्षांपूर्वीची होती.

"मला नोकरी लागली त्या वर्षी पहिल्या पगारातून घातलं होतं हे लिनोलियम," ती म्हणाली. "पुढे बाबा बोटाने चाचपून चौथ्याचा उंचवटा शोधायचे."

इंजिनियरने पानाचा फोटो काढला, खिळ्यांचा काढला, आणि आत्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं. "हे मी मानतो. आता वजन सोडा. चौथ्यावर आलं, तर भिंत एक्केचाळीस वर्षांत हललेली नाही, असं मी लेखी देईन."

पितळी वजन आत्याच्या कपाटात होतं, जुन्या मोज्यात घालून ठेवलेलं. दोरी नवीन घेऊन तिला मेण लावलं होतं. सूनबाई वर गेली. तिसऱ्या मजल्यावर त्या भोकाच्या डोक्यावर भिंतीत एक हूक होता, त्याला दोरी अडकवून तिने वजन सोडलं. ते हळूहळू उतरलं, डुललं, गोल फिरलं. पलीकडून शिंप्याच्या मशीनची घरघर येत होती. सगळे भोवती उकिडवे बसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. वजन थांबलं.

चौथ्या खिळ्याच्या दोन बोटं पुढे. रस्त्याकडे.

आत्याने अंबाड्यातली पेन्सिल काढली, खिशातली पट्टी काढली आणि स्वतः मोजलं. मग पुन्हा मोजलं. आकडा तोच.

"मला वाईट वाटतंय," इंजिनियर म्हणाला, आणि त्याला खरंच वाटत होतं.

"वाईट वाटून घेऊ नका. लिहून घ्या." तिचा आवाज एकदम कोरडा झाला होता. "कागद आणा तो."

"आत्या, आजच कशाला..." पुतण्या म्हणाला.

"शब्द दिलाय. पेन दे."

तिने कागद घेतला, पेन घेतलं, आणि सही करायच्या ऐवजी जिन्याकडे निघाली.

"अगं, आता कुठे?"

"वर. सही काय, मी कुठेही बसून करीन. आधी वरचं टोक बघते. सगळा जन्म खालचंच टोक बघत आले मी."

तिसरा मजला तिच्या गुडघ्यांना अलीकडे मानवत नसे. ती कठड्याला धरून, मधे दोनदा थांबून चढली. पुतण्या मागून येत होता, पडलीच तर झेलायला. वरच्या खोलीत सूनबाई दोरीजवळ उभी होती. खालचं तिला ऐकू आलं होतं. तिचे डोळे ओले होते, आणि आत्याला त्याचं नवल वाटलं.

आत्याने हूक बघितला. चकचकीत, पितळी, वळलेल्या टोकाचा. "हा कोणी लावला?"

"माझ्या बाबांनी," पुतण्या म्हणाला. "पडद्यासाठी. दहाएक वर्षं झाली असतील."

"दहा? मग तुझ्या आजोबांच्या वेळी दोरी कशाला अडकवायचे?"

पुतण्याला ते माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं तो सहा वर्षांपूर्वी गेला होता. आत्या डोळे मिटून उभी राहिली. बत्तीस वर्षं ती खाली उकिडवी बसलेली, आणि वरून भोकातून धाकट्याचा आवाज, आधी मुलाचा कोवळा, मग घोगरा, मग बापमाणसाचा, पण शब्द दरवर्षी तेच: "खुंटी बसली! सोडू?"

"खुंटी बसली, सोडू..." आत्या मोठ्याने पुटपुटली. "खुंटी." तिने हुकाच्या खाली भिंतीवरून तळवा फिरवला. रंगाखाली काहीतरी मऊ लागलं. पुतण्याने किल्लीने खरवडलं, तर रंगाचा पापुद्रा निघाला आणि आत कोंबलेला कागदाचा बोळा. बोळा ओढला, आणि मागे राहिलं चौकोनी भोक, चांगलं वीतभर खोल.

"यात खुंटी बसायची. बाहेर हुकापेक्षा जास्त आली असणार. म्हणूनच दोरी भिंतीपासून लांब पडायची. हूक तेवढा पुढे येतच नाही."

"पण मग ती खुंटी कुठंय?" सूनबाई म्हणाली. "एवढ्या वर्षांत कोणी चुलीत घातली असेल."

आत्या उत्तर द्यायला वळली आणि तशीच थांबली. तिचा चेहरा उतरला. चौकोनी बुंध्याचा, गोल टोकाचा, हातभर लाकडाचा तुकडा तिला डोळ्यांपुढे दिसत होता. बाबा गेले त्या वर्षी जिन्याची खिडकी वाऱ्याने आपटून आपटून जीव खायची. या खोलीच्या कोनाड्यात एक काठी पडली होती, ती उचलून आत्याने खिडकीला टेकण लावलं होतं. स्वतःच्या हाताने. आणि रोज त्या खिडकीवरून ये-जा केली होती.

"मी गाढव आहे," ती म्हणाली.

"आत्या!"

"मधे बोलू नकोस, माझं माझ्याशी चाललंय."

आली होती त्याच्या दुप्पट वेगाने ती अर्धा जिना उतरली. खिडकीच्या तावदानाखालून तिने तो तुकडा काढला आणि गाऊनला पुसला. टोकापासून बोटभर अलीकडे लाकडात एक खाच होती, दोरीने घासून घासून पडलेली, काळसर, मेणाने अजून गुळगुळीत. तिने ती अंगठ्याने चाचपली. मग ती खुंटी मागोमाग आलेल्या सूनबाईच्या हातात ठेवली. "जा. बसव."

"तुम्हीच बसवा ना."

"मी खालची आहे. वरची तू."

इंजिनियर एव्हाना वर येऊन उभा होता. त्याने बुंधा भोकात जाताना वाकून बघितलं. डब्यावर झाकण बसावं तशी खुंटी आत गेली आणि तिच्या खांद्याशी अडली, पुढे नाही, मागे नाही. "हिचं माप मी घेणार," तो म्हणाला.

"घ्या. माझंही घ्या हवं तर. पण लवकर खाली चला."

पुन्हा सगळे खाली उकिडवे बसले. आत्याने वरच्या भोकाकडे तोंड केलं. हाक मारायला ती श्वास घेत होती. तेवढ्यात वरून आवाज आला, बायकी, जरा थरथरता:

"खुंटी बसली! सोडू?"

"सोड!" आत्या इतक्या जोरात ओरडली की शिंप्याचं मशीन थांबलं.

वजन आलं. डुललं. फिरलं. मिस्त्रीने दाराची फट पोत्याने बुजवली, वारा नको म्हणून. या वेळी कोणी घड्याळ बघितलं नाही. डुलणं लहान होत होत थांबलं, तेव्हा पितळी टोक चौथ्या खिळ्याच्या डोक्यावर होतं. अगदी मधोमध नव्हतं, जरा कडेला होतं. पण डोक्यावरच होतं.

इंजिनियरने बैठक मारली, पोटावर आडवा झाला, एक डोळा मिटून बघितलं. मग तसाच आडवा राहून म्हणाला, "सळया घालाव्याच लागतील. चार जागी."

"घाला."

"आणि काचपट्ट्या मी वर्षभर लावणारच. तेवढ्यात एक जरी तडकली, तर मुलीसकट सगळ्यांना बाहेर काढीन, तुमची खुर्ची धरून."

"दहा लावा. मी पुसत जाईन रोज."

तो उठून बसला, कपडे झटकले आणि वही उघडली. "भिंत थांबली आहे, असं लिहितो. पुरावा म्हणून काय लिहू?"

"चार खिळे लिहा," आत्या म्हणाली. "आणि पाचवा नाही, हे ठळक लिहा."

सूनबाई जिन्यावरून धावत आली आणि भान न राहून तिने आत्याला मिठी मारली. आत्या अशा गोष्टींना सरावलेली नव्हती, ती दोन्ही हात लांब धरून उभी राहिली. एका हातात अजून तो संमतीचा कागद होता. पुतण्याने तो हळूच काढून घ्यायला हात पुढे केला.

"राहू दे. मागची बाजू कोरी आहे," आत्या म्हणाली. ती पुन्हा जमिनीवर बसली, कागद उलटा केला आणि पेन्सिल काढली. "हं, मिस्त्री, इकडे बघा. वरच्या न्हाणीघराचा नळ तुम्ही या कोपऱ्यातून खाली आणणार होतात. इथून नाही आणायचा. ही भोकं मोकळी राहतील. आणि नवी फरशी घालाल तेव्हा या फळीएवढी जागा सोडायची, वर काचेचं झाकण."

"नळ मग कुठून आणू आत्या? दातवाल्याच्या घरातून?"

"त्याला विचारा, तो कुठेही भोक पाडायला तयार असतो."

मिस्त्री हसत होता, एवढ्यात जिन्यावर धाडकन आवाज झाला आणि पाठोपाठ काच फुटून खळखळत पायऱ्यांवरून खाली आली. सगळे दचकून भिंतीकडे बघायला लागले. भिंत जागच्या जागी होती. टेकण काढलेली जिन्याची खिडकी मात्र वाऱ्यावर मागे-पुढे आपटत होती.

आत्याने पेन्सिल खाली ठेवली.

"मिस्त्री," ती म्हणाली, "न्हाणीघर राहू दे, सळया राहू देत. आधी त्या खिडकीला एक कडी बसवा."